सहज विचारलं

मुलीचा फोन रविवारी येतो. साडेनऊच्या सुमारास, चहाचा दुसरा कप संपत आलेला असतो तेव्हा. आज गुरुवार होता, पावणेआठ वाजले होते आणि फोन वाजला. एरवी ही उचलते, पण ही आंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला. कसे आहात नाही, आई कुठाय नाही. मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, मागच्या खोलीची लांबी किती आहे?" मी म्हणालो, "कशासाठी हवीये?" पलीकडे थोडा वेळ नुसता तिच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "जाऊ दे बाबा. सहज विचारलं." आईला सांगा, रविवारी बोलते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

एवढंच झालं. सांगायला गेलं तर दोन ओळींतही मावेल. पण मी मोबाइल हातात धरून तसाच उभा राहिलो, आणि एखादं दार अगदी हलकेच, कडीचाही आवाज होऊ न देता कुणी लावून घ्यावं तसं काहीतरी झाल्यासारखं मला वाटत राहिलं. दारं आपटणाऱ्या माणसांचं मला कधी भय वाटलं नाही. ती परत येतात. अशी अलगद लावून घेणारी मात्र पुन्हा फिरकत नाहीत, हे मी चौतीस वर्षं एका मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून पाहिलेलं आहे. तिथे माझं काम एकच होतं. येणाऱ्यानं काही विचारायचं आणि मी ते शोधून द्यायचं. माझ्या टेबलाच्या मागे 'चौकशी' अशी पाटी होती आणि सहकारी मला पाठीमागे 'कशासाठी' म्हणत. "कशासाठी आलेत का रे आज?" असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. मला राग आला नव्हता. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं होतं. माझ्यासारख्या माणसाला टोपणनाव मिळणं म्हणजे कुणीतरी आपल्याकडे लक्ष दिलं असाच अर्थ होतो.

माणूस हवं ते कधीच विचारत नाही, ही त्या टेबलावरची माझी श्रद्धा होती. एक गृहस्थ दर आठवड्याला यायचे आणि जगाचा नकाशा मागायचे. मोठा, भिंतीवरचा. नकाशे चौथ्या मजल्यावर, काढायला शिडी लागे. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "कशासाठी हवाय?" तेव्हा कळलं, त्यांचा मुलगा असतो त्या गावी आत्ता किती वाजले असतील एवढंच त्यांना बघायचं असायचं. त्यासाठी एक तक्ता पुरतो. मी तो त्यांना हातानं उतरवून दिला. त्या दिवसापासून मी प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड करू लागलो. वरच्या ओळीला 'मागितलं', खालच्या ओळीला 'हवं होतं'. वर जगाचा नकाशा, खाली मुलाकडची वेळ. आणि या दोन ओळींच्या मधला रस्ता म्हणजे माझा 'कशासाठी'. नव्यानं लागलेल्या प्रत्येक सहायकाला मी हेच शिकवलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, तो प्रश्न नसतोच. काही जण 'कशासाठी' ऐकून न बोलता निघून जात. त्यांच्या कार्डावर खालची ओळ कोरी राही. अशा कार्डांचा कधी ढीग करून पाहावा असं मला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल आणि मी टाळलं असेल. स्वतःबद्दल खात्रीनं काही सांगावं इतका मी स्वतःला ओळखत नाही.

"कुणाचा होता?" ही केस पुसत बाहेर आली. मी सांगितलं. "मग सांगितलीत लांबी?" "नाही. कशासाठी ते विचारलं." ही केस पुसायची थांबली. "अहो, घर आहे हे. इथं तरी ते टेबल मांडू नका." "अगं, पण गुरुवारी, सकाळी सकाळी, खोलीची लांबी… कारण असल्याशिवाय कुणी विचारेल का?" "कारण असणारच. म्हणून तर सांगायची." "तुला काही बोलली होती?" "गेल्या रविवारी विचारत होती, खोली पूर्ण रिकामी झाली का. मी म्हटलं झाली." "आणि का विचारतेयस, हे तू विचारलं नाहीस?" "मी लेकीशी गप्पा मारते," ही म्हणाली, "उलटतपासणी घेत नाही."

मागची खोली रिकामी झाली त्याला महिना झाला. निवृत्तीच्या वेळी ग्रंथालयानं माझी कार्डं टाकून द्यायची ठरवली होती, तेव्हा ती मी खणांसकट घरी आणली आणि सतरा वर्षं ती त्या खोलीत राहिली. हिनं कधी तक्रार केली नाही. पाहुण्यांना "ही यांची दुसरी बायको" म्हणून खोली दाखवी, तेवढंच. मग एक संशोधक बाई आल्या. माणसं माहिती कशी शोधतात, यावर त्यांचं काम चालतं. माझ्या जुन्या सहायकाकडून त्यांना कार्डांविषयी कळलं होतं. त्यांनी ती सगळी वर्षभरात खणाखणानं त्यांच्या संस्थेत नेली, एकेक करून संगणकात घातली, आणि आज अकरा वाजता मला काही विचारायला त्या येणार होत्या. म्हणजे आज मी टेबलाच्या पलीकडे बसणार होतो. त्या विचारानं रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो होतो. आता त्यावर ही दुसरी काळजी येऊन बसली.

मी दाढी करायला घेतली आणि आरशात बघत, जशी वाचकासाठी करायचो तशी, मनात शक्यतांची यादी करत बसलो. नोकरी गेली असेल. ती पुलांचे आराखडे तपासते. मापाशिवाय बोलायची तिला सवय नाही, तेव्हा लांबी विचारली यात नवल नाही, पण ती इथली का विचारावी? आजारी असेल. सामान पाठवायचं असेल. परत येणार असेल. प्रत्येक शक्यतेपाशी वस्तरा थांबत होता. एकेचाळीस वर्षांची आहे, एकटी राहते, आणि तिच्याविषयीची प्रत्येक मोठी गोष्ट मला सगळ्यांत शेवटी कळत आली आहे. नऊ-दहा वर्षांची असताना तिनं मला विचारलं होतं, "बाबा, मुंगी किती उंचावरून पडली तर मरते?" मी वर्तमानपत्र खाली ठेवलं, नीट तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "कशासाठी हवंय?" ती म्हणाली, "सहज," आणि आत गेली. मला वाटलं, शाळेतला काही प्रश्न असेल. गॅलरीत फ्रॉक झटकताना एक मुंगी तिसऱ्या मजल्यावरून खाली पडली होती आणि ती त्या रात्री जेवली नव्हती, हे मला हिनं सांगितलं, पण किती वर्षांनी! मुंगी इतकी हलकी असते की कितीही उंचावरून पडली तरी मरत नाही. मला तेव्हाही ते ठाऊक होतं. एका वाक्याचं उत्तर होतं आणि ते माझ्याकडे होतं.

आणि ती सव्वीस-सत्तावीसची असताना, जेवणाच्या टेबलाशी, पाणी ओतता ओतता: "बाबा, ठरलेलं लग्न मोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगावं, असं काही असतं का? सहज विचारतेय." मी म्हणालो, "कुणाचं?" ती म्हणाली, "मैत्रिणीचं." मी म्हणालो, मग मैत्रिणीनं घरच्यांशी बोलावं. तीन आठवड्यांनी तिनं स्वतःचं लग्न मोडलं आणि दुसऱ्या शहरात नोकरी धरली. त्या मधल्या तीन आठवड्यांत ती रोज माझ्यासमोर बसून जेवत होती. तिच्या कार्डावर मी 'हवं होतं'च्या जागी मैत्रिणीला बसवून मोकळा झालो होतो. गालावर साबण वाळून ताणायला लागला तेव्हा मी भानावर आलो. पुन्हा फोन करावा असं मनात आलं. पण फोन करून म्हणणार काय? 'लांबी कशासाठी हवी होती ते सांग, म्हणजे सांगतो' हेच, जरा गोड शब्दांत. तोंडात दुसरं काही येतच नव्हतं.

संशोधक बाई बरोबर अकराला आल्या. तिशीच्या, चपळ, बोलताना चष्मा डोक्यावर सरकवण्याची सवय. खोली रिकामी असल्यानं आवाज घुमत होता, तरी त्यांना मागच्याच खोलीत बसायचं होतं. त्यांना कार्डं जिथं राहिली ती जागा बघायची होती. दोन खुर्च्या आत नेल्या. भिंतीवर खणांच्या मागचा भाग उजळ राहिला होता, नव्या कागदासारखा. "सर, घाबरू नका हं," त्या म्हणाल्या, "परीक्षा नाहीये." "परीक्षा असती तर बरं झालं असतं," मी म्हणालो, "वाचून तरी आलो असतो." त्या हसल्या, आणि मला जरा बरं वाटलं. मग त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "कार्डाच्या कोपऱ्यात गोलात 'स' आहे, तो काय?" मी म्हणालो, 'सहज'चा. जे वाचक 'सहज विचारतोय' म्हणत त्यांच्या कार्डावर मी तो करायचो. "का करायचात?" लकबीची नोंद, म्हणालो. काही लोक प्रत्येक वाक्याला 'म्हणजे' म्हणतात, काही 'सहज' म्हणतात. मला वाटायचं, हे लोक फारसे गरजू नसावेत.

"सहाशे एकेचाळीस आहेत," त्या म्हणाल्या. "आणि सर, गंमत बघा. एरवी तुमच्या 'कशासाठी'नं लोक मोकळे होतात. खालची ओळ भरते. हजारोंनी भरलीये. पण 'स' असला की उलटं होतं. चारशे अठ्ठावीस जणांना तुम्ही 'कशासाठी' विचारलंत, त्यातले दोनशे एक्याण्णव उठून गेले." मी खुर्ची जरा पुढे ओढली. "उरलेल्यांना तुम्ही विचारलं नाहीत, नुसतं मागितलं ते दिलंत. बहुतेक गर्दी असेल तेव्हा. त्यांच्यातले फक्त एकोणीस गेले. बाकीच्यांनी उत्तर घेतलं, थोडा वेळ थांबले, आणि आपण होऊन दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा. तुमच्याच अक्षरात आहे सगळं." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "आणि हा एक आठवडा. चौदा 'स', एकही गेला नाही. गर्दी नाही, काही नाही. काय झालं होतं त्या आठवड्यात?"

तारीख पाहिली तरी मला आठवेना. मग गालाच्या आतून आठवलं. "दाढ काढली होती," मी म्हणालो. "अक्कलदाढ. तोंड उघडत नव्हतं. मी नुसती मान हलवायचो आणि पुस्तक काढून पुढ्यात ठेवायचो." बाई हसू दाबायला लागल्या. "म्हणजे सर, अक्कलदाढ गेली आणि…" "बोला, बोला," मी म्हणालो, "घरातही हेच ऐकतो." आणि मग आम्ही दोघंही इतके हसलो की ही दारात येऊन काय झालं म्हणून बघून गेली.

हसणं ओसरल्यावर त्या सावकाश सांगू लागल्या. त्यांच्या कामात आता असं दिसतंय की माणसं आधी मूळ प्रश्नाच्या शेजारचा प्रश्न विचारतात. लहानसा, निरुपद्रवी. पाण्यात पाय टाकून पाहतात तसा. तो नीट घेतला गेला तर पुढे येतात. त्याच क्षणी 'का' विचारलं तर त्यांना चोरी पकडल्यासारखं होतं. "लोक हल्ली माणसांपेक्षा यंत्राला का विचारतात, यावर आम्ही मुलाखती घेतल्या. आम्हाला वाटलं म्हणतील, झटपट मिळतं म्हणून. पण कितीतरी जण म्हणाले, ते तोंडाकडे बघत नाही." त्यांनी चष्मा वर सरकवला. "सर, एवढ्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता यायचं नाही. एकच टेबल, एकच माणूस. पण 'सहज' ही लकब नाही वाटत मला. ज्यांना फार महत्त्वाचं काही विचारायचं असतं, ते तो शब्द लावतात."

मला वाईट वाटायला हवं होतं. चौतीस वर्षं मी एक गोष्ट छातीठोकपणे शिकवली, आणि छातीठोकपणे मी आयुष्यात तेवढी एकच गोष्ट केली होती. ते दोनशे एक्याण्णव जण डोळ्यांपुढे यायला हवे होते, आणि काही आलेही. एक उंच बाई आठवल्या. त्यांनी झोपेच्या गोळ्यांविषयीचं पुस्तक मागितलं आणि माझा प्रश्न ऐकून पर्सची साखळी लावत, "नाही, सहज," म्हणत गेल्या. त्यांचं पुढे काय झालं, कोण जाणे. पण या सगळ्याच्या खाली, लाज वाटावी असं, मला बरं वाटत होतं. शहात्तराव्या वर्षी आपण ज्या विषयात मुरलो असं समजत होतो त्यात अजून एक खोली निघावी, आणि ती उघडून द्यायला कुणी तरुण माणूस यावं, हे सुख वाचणाऱ्या माणसालाच कळेल. शिवाय माझ्याविरुद्धचा सगळा पुरावा मीच इतक्या नीट अक्षरात, तारखेसकट लिहून ठेवला होता. कारण कळलं नव्हतं तरी 'स' मी एकदाही विसरलो नव्हतो. कुठेतरी मला ऐकू येत होतं म्हणायचं. बाईंना मी एवढंच म्हणालो, "तुम्ही सावकाश लिहा. माझं नाव घातलं नाहीत तरी चालेल." त्या म्हणाल्या, "घालणार सर. दाढेसकट."

त्या गेल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. मी हिला म्हणालो, "टेप कुठाय?" "कुठली?" "मोजायची." हिनं माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि शिवणाच्या डब्यातून कापडी टेप आणून दिली. ती दीड मीटरची, आणि पहिले दोन इंच तुटून गेलेले. हिनं एक टोक भिंतीशी धरलं, मी दुसरं. पेन्सिलीनं खूण करायची, पुढे सरकायचं. गुडघे वाजत होते. कुणाचे ते कळत नव्हतं. "दोन इंच वजा केलेत का?" "केले." "प्रत्येक वेळी?" प्रत्येक वेळी केले नव्हते. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बेचाळीस वर्षं आम्ही या घरात राहतोय आणि ही खोली आम्ही कधी मोजली नव्हती. उन्हाचा एक पट्टा फरशीवर आडवा पडला होता आणि त्यात ही ओणवी, एका हातानं टेप धरून, दुसऱ्या हातानं कपाळावरची बट मागे सारत होती. मला वाटलं, आणखी दोन भिंती असत्या तरी चाललं असतं.

मग मी फोन लावला. दोनदा वाजल्यावर मुलीनं उचलला. "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?" "बरी आहे. अकरा फूट चार इंच," मी म्हणालो. "रुंदी नऊ फूट दोन. दार आत उघडतं, डावीकडे. त्यामुळे त्या भिंतीशी तीन फूट धरू नकोस." मग, "थांबा, लिहून घेते." कागदाचा आवाज. मी पुन्हा सांगितलं. तिनं ते पुटपुटत लिहिलं. मग शांतता झाली, आणि ती शांतता भरून काढायला माझ्या तोंडात तो शब्द आपोआप, वर्षानुवर्षांच्या वाटेनं चालत आला. मी ओठ मिटून घेतले. ही हातानं काय, काय म्हणून विचारत होती. मी एक बोट वर केलं.

"बाबा, खिडकीला गज आहेत का हो?" मुलगी म्हणाली.

"आहेत. उभे."

"मध्ये अंतर किती आहे?"

मी खिडकीकडे हात केला आणि गजांमधलं अंतर हिला खुणेनं विचारलं. टेप दुसऱ्या टोकाला राहिली होती म्हणून हिनं गजांत बोटं घातली आणि मला दाखवली. "चार बोटं," मी सांगितलं.

"तुमची की आईची?"

"आईची."

ती हसली. सकाळी हसली नव्हती. आणि आपल्या खिडकीला गज आहेत का, असतील तर किती दाट, हे जगात कोण विचारतं, ते मला कळलं. कळायलाच हवं होतं, चौतीस वर्षं काय केलं मी? पायाखालची फरशी जरा ऊबदार झाल्यासारखी वाटली. वाक्य माझ्याकडे तयार होतं, ते बरोबरही असणार होतं. पण मी ते म्हटलं असतं तर पुन्हा तिची ओळ मीच भरली असती. मी थांबलो. हिच्याकडे बघायचं टाळत, कारण बघितलं असतं तर चेहऱ्यावरून हिला कळलं असतं.

"खालून आपल्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती आहेत?"

"चोपन्न. मध्ये दोनदा थांबायला ऐसपैस जागा आहे."

"तीन वर्षांच्या मुलीला चढता येतील?"

"एका हाताला धरलं तर येतील," मी म्हणालो. "सावकाश."

आणि मग ती बोलायला लागली. भरभर, मधेच श्वास घेत. दीड वर्षापूर्वी दत्तकासाठी अर्ज केला होता. कुणालाच सांगितलं नव्हतं, होईल न होईल. काल मंजुरीचं पत्र आलं. छोटी फार बोलत नाही, पण भेटायला गेल्यावर तिनं आमच्या लेकीचा चष्मा काढून घेतला आणि परत द्यायला तयारच होईना. सहा महिने रजा मिळतेय. ते सहा महिने, निदान सुरुवातीचे, एकटीनं काढायला तिला भीती वाटते. दोन पलंग बसतील ना खोलीत, एक लहान? मी म्हणालो, बसतील, वर मधून चालायला दोन फूट उरतील. ती "हो" म्हणाली आणि तेही लिहून घेऊ लागली. तिच्याकडेही आता संध्याकाळ व्हायला आली असेल. रस्त्यावरचा आवाज सकाळपेक्षा मऊ होता.

"बाबा," ती म्हणाली, "आईला आवडेल का?"

आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. विचारून सांगतो म्हणणं अगदी सोपं होतं, आणि रीतीला धरूनही. संदर्भ विभागात आपल्या पदरचं काही सांगायचं नसतं. हे अमुक ठिकाणी आहे, ते तमुक ठिकाणी आहे, असं दाखवून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. मी जन्मभर तेच केलं.

"मला आवडेल," मी म्हणालो.

"काय आवडेल? अहो, काय आवडेल?" असं म्हणत हिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.